नकोसे प्रोग्रॅम : अँटिव्हायरसने अडवावेत, विचारावं की सोडून द्यावेत?

वाळूतीर (धागाकर्ता)

राजापूरपासून वेंगुर्ल्यापर्यंतची ई-सेवा केंद्रं, टायपिंग इन्स्टिट्यूट, शाळांचे संगणक कक्ष आणि आंब्याची बिलं करणारी दुकानं, यांच्या संगणकांसाठी हा धागा काढतोय. विषय व्हायरसचा नाही. व्हायरस सापडला की तो उडवावा, यावर कुणाचं दुमत नसतं. अडचण मधल्या जातीची आहे. हे प्रोग्रॅम फाइलींना कुलूप लावत नाहीत, पासवर्ड चोरल्याचा पुरावाही नसतो. पण ते न मागता येतात, ब्राउझरचं शोध-पान बदलतात, जाहिराती घुसवतात, नाहीतर ‘संगणकात शेकडो चुका सापडल्या’ असं लाल अक्षरांत दाखवून दुरुस्तीचे पैसे मागतात. यांना पीयूपी (पोटेन्शियली अनवॉन्टेड प्रोग्रॅम) किंवा पीयूए (तेच, फक्त शेवटी अ‍ॅप्लिकेशन), म्हणजे नकोसे ठरू शकणारे प्रोग्रॅम, म्हणतात.

वाट ठरलेली आहे. जून-जुलैत दाखल्यांची गर्दी होते. पोर्टलला फोटो ठराविक केबीच्या आत हवा असतो, कागदपत्रं एकाच पीडीएफमध्ये हवी असतात. ऑपरेटर ‘पीडीएफ लहान करा’ असं शोधतो, सगळ्यात वरची जाहिरात उघडतो आणि तिथला इन्स्टॉलर चालवतो. त्यात ‘एक्सप्रेस’ आणि ‘कस्टम’ असे दोन पर्याय येतात. एक्सप्रेस निवडलं की आधीच खूण करून ठेवलेल्या चौकटी मान्य झाल्या असं धरलं जातं. समोर माणसं रांगेत उभी असताना कस्टम उघडून बघायला कुणालाच फुरसत नसते. इन्स्टॉलर बनवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

माझं मत असं : अनेकांच्या हाताखालच्या संगणकावर असे प्रोग्रॅम मुळातच अडवावेत, पण पुसून न टाकता क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अँटिव्हायरसच्या बंद कप्प्यात, ठेवावेत आणि का अडवलं ते एका वाक्यात सांगावं. तिन्ही गोष्टी हव्यात. नुसतं अडवलं आणि कारण दिलं नाही, तर माणूस अँटिव्हायरसच बंद करतो. जाणकारांनी लिहावं.

माडबन

सुरुवात व्याख्येपासून करू या, कारण प्रत्येक कंपनीचे कप्पे वेगळे आहेत. कॅस्परस्की अशा नावाच्या आधी ‘नॉट-अ-व्हायरस’ लावते. ईसेटमध्ये तीन कप्पे आहेत : नकोसे, असुरक्षित ठरू शकणारे आणि संशयास्पद. त्यातल्या नकोशांबद्दल इन्स्टॉल करतानाच विचारलं जातं, आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मालवेअरबाइट्समध्ये पीयूपीसाठी वेगळी सेटिंग आहे : पकडा, फक्त सांगा किंवा दुर्लक्ष करा.

मायक्रोसॉफ्टने निकष लिहून जाहीर केले आहेत. जाहिरात घुसवणारे, दुसरे प्रोग्रॅम सोबत आणणारे, बाजार-संशोधनासाठी वापरणाऱ्याच्या हालचाली टिपून बाहेर पाठवणारे, सुरक्षा-तपासणीला चकवणारे आणि या क्षेत्रात बदनाम झालेले, असे प्रकार त्यात आहेत. टोरंट (एकमेकांच्या संगणकांवरून फाइली उतरवणं) आणि क्रिप्टोमायनिंग (संगणकाची ताकद वापरून आभासी चलन मिळवणं) हे प्रकार फक्त संस्थांच्या संगणकांसाठी धरले आहेत. हा फरक मला पटतो. शाळेच्या संगणकावर टोरंट नको, पण घरी कुणी लिनक्सची फाइल टोरंटने उतरवत असेल तर त्यात वावगं काय? प्रोग्रॅम तोच, जागा बदलली की तो नकोसा होतो. म्हणून ‘नकोसा कुणाला?’ हे ठरवल्याशिवाय एकही सेटिंग नीट लावता येत नाही.

गलबत

वाळूतीर, ‘मुळातच अडवावेत’ याला माझा विरोध आहे. संगणक ज्याचा, निर्णय त्याचा. आज कंपनी टूलबार अडवते, उद्या प्रतिस्पर्ध्याचा प्रोग्रॅम अडवेल. अमेरिकेत हे कोर्टात गेलेलं आहे. झँगो या जाहिरात-प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीने कॅस्परस्कीवर दावा लावला होता. २००९ मध्ये तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितलं की आक्षेपार्ह वाटणारा प्रोग्रॅम अडवण्याची साधनं देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. पुढे २०१६ मध्ये मालवेअरबाइट्सने निकष बदलले आणि एनिग्मा या स्पर्धक कंपनीची उत्पादनं पीयूपी म्हणून पकडायला सुरुवात केली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं की स्पर्धकाला अडवण्याच्या हेतूने केलेली कारवाई या संरक्षणात बसत नाही. म्हणजे अडवण्याचा अधिकार आहे, पण तो निरंकुश नाही. मी म्हणतो, पकडा, दाखवा आणि विचारा. निर्णय वापरणाऱ्याचा असू दे.

वाळूतीर

गलबत, कोर्टाचा मुद्दा मान्य आहे आणि तो महत्त्वाचाही आहे. पण ‘वापरणारा’ कोण? केंद्रात मालक एक, पाळीचे ऑपरेटर दोन, आणि कधीकधी अर्जदाराचा मुलगाच माउस हातात घेतो. प्रश्नाची चौकट उघडते तेव्हा समोर जो असेल तो ‘होय’ दाबून पुढे जातो, कारण त्याला दाखला हवा असतो. त्याच्या ‘होय’ला संमती म्हणता येत नाही. संमती द्यायचीच तर ती संगणकाची जबाबदारी असलेल्याने, अ‍ॅडमिन पासवर्ड घालून, शांतपणे द्यावी. एकट्याच्या लॅपटॉपवर तुमचं म्हणणं चालेल. काउंटरवर नाही.

माडबन

+१. इन्स्टॉलरने फसवून घेतलेल्या ‘होय’वर उपाय म्हणून अँटिव्हायरसने आणखी एक ‘होय’ मागायचं, हे बरोबर नाही.

दीपस्तंभ

डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजसोबतच येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरसच्या, सेटिंगबद्दल नेमकं लिहितो, कारण आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर तेच आहे.

विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीपासून, म्हणजे मे २०२० पासून, हे बटण पडद्यावर मिळतं : विंडोज सिक्युरिटी, मग अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल, मग रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन सेटिंग्ज. तिथे ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड अ‍ॅप ब्लॉकिंग’ खाली दोन खुणा आहेत. ‘ब्लॉक अ‍ॅप्स’ आधीच संगणकावर आलेल्या फाइली पकडतं. ‘ब्लॉक डाउनलोड्स’ उतरवतानाच अडवतं, पण ते फक्त एज ब्राउझरमध्ये. क्रोम वापरणाऱ्यांना दुसऱ्या खुणेचा उपयोग नाही, आणि आपल्याकडे क्रोमच जास्त चालतं. ऑगस्ट २०२१ पासून मायक्रोसॉफ्टने घरगुती संगणकांवर हे अडवणं आपणहून चालू केलं. तरी प्रत्येक संगणकावर एकदा डोळ्यांनी बघा. एजच्या स्वतःच्या प्रायव्हसी सेटिंगमध्येही अशीच खूण आहे, ती वेगळी तपासावी लागते.

बऱ्याच जणांच्या लक्षात न येणारी गोष्ट : संगणकासोबत आलेला दुसऱ्या कंपनीचा चाचणी-अँटिव्हायरस असेल, तर डिफेंडर बाजूला होतो आणि ही सेटिंग निरुपयोगी ठरते. चाचणीची मुदत संपली की काही उत्पादनं नुसती ‘नूतनीकरण करा’ सांगत राहतात. धड हे नाही, धड ते नाही. मुदत संपलेला अँटिव्हायरस आधी पूर्ण काढा, शक्यतो त्याच कंपनीच्या रिमूव्हल टूलने, मग रीस्टार्ट करून डिफेंडर जागा झालाय का ते पाहा.

दहा-वीस संगणक असतील तर लगेच अडवू नका, आधी नुसती नोंद घ्या. अ‍ॅडमिन पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘सेट-एमपीप्रेफरन्स’ या आज्ञेला ‘पीयूएप्रोटेक्शन’ची किंमत द्यायची असते : ० म्हणजे बंद, १ म्हणजे अडवा, २ म्हणजे फक्त नोंद. २ वर दोन आठवडे ठेवा. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) विंडोज डिफेंडरच्या ‘ऑपरेशनल’ नोंदींतून क्रमांक ११६० गाळून काढा. पीयूए सापडल्याची नोंद त्या क्रमांकाने येते. रोजच्या कामाचं काही त्यात अडकत नसेल तर १ करा. गलबत, ‘पकडा आणि दाखवा’ यासाठी योग्य जागा ही आहे, काउंटरवरची चौकट नव्हे.

गलबत

हे चांगलं आहे. शाळांसाठी माझा विरोध मागे घेतो. घरच्या संगणकाबद्दल मात्र मी ठाम आहे.

झावळी

कोणी साफसफाईचा क्रम सांगेल का? स्कॅन करून सगळं काढलं, की काही वेळा इंटरनेटच बंद पडतं. शोध-पानही दोन दिवसांत परत येतं.

खाडीकाठ

झावळी, दोन्ही गोष्टी क्रम चुकल्याने होतात.

आधी स्कॅन करू नका. अँटिव्हायरस मुख्य फाइल उचलतो, पण तिने लावलेला प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझर आणि इंटरनेट यांच्यामधला मध्यस्थ, तसाच राहतो. ब्राउझर प्रत्येक पान त्या प्रॉक्सीकडे मागतो आणि तिथे आता कुणीच नसतं. जुन्या विंडोजवर नेटवर्कच्या साखळीत अडकवलेली फाइल अशीच उडाली, की साखळी तुटायची. म्हणून इंटरनेट बंद. शिवाय प्रोग्रॅमचा स्वतःचा अनइन्स्टॉलरही मोडतो आणि उरलेला पसारा हाताने काढावा लागतो.

म्हणून सुरुवात रीस्टोअर पॉइंटने (बिघडलं तर विंडोजच्या आधीच्या स्थितीवर परतण्याची खूण) करा, आणि पावसाळा असेल तर यूपीएस चालू आहे ना ते बघून. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगचा साठा) बदलत असताना वीज गेली तर मूळ आजारापेक्षा मोठं दुखणं होतं. मग सेटिंग्जमधली प्रोग्रॅमची यादी इन्स्टॉलच्या तारखेने लावा. ज्या दिवशी त्रास सुरू झाला, त्या दिवशी एकदम तीन-चार नावं आलेली दिसतात. ती सगळी त्यांच्या अनइन्स्टॉलरनेच काढा. काढताना ‘खरंच जायचं का, त्याऐवजी हे घ्या’ अशा चौकटी येतात. त्यांतली बटणं मुद्दाम उलटसुलट रंगवलेली असतात, तेव्हा सावकाश वाचा.

त्यानंतर टास्क शेड्युलर, म्हणजे ठरलेल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणारं विंडोजचं साधन. शोध-पान दोन दिवसांत परत येण्याचं एक मोठं कारण इथे असतं. अनोळखी नावाचं काम, लॉगिन झाल्यावर किंवा दर काही तासांनी चालणारं, आणि त्याची फाइल ‘अ‍ॅपडेटा’ नाहीतर ‘प्रोग्रॅमडेटा’ फोल्डरमध्ये. सिसइंटर्नल्स या मायक्रोसॉफ्टच्या साधन-संचातल्या ऑटोरन्समध्ये (आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्याची यादी) ‘मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा’ ही खूण केली की उरलेली यादी वाचण्याजोगी होते. आधी खूण काढून बंद करा, दोन दिवस पाहा, मगच पुसा.

मग ब्राउझर. क्रोमच्या मेनूच्या तळाशी ‘तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित’ असं दिसतंय आणि तुमची अशी कुठली संस्था नाही, तर कुणीतरी रजिस्ट्रीत धोरण म्हणून एक्स्टेन्शन ठोकून बसवलं आहे. म्हणून त्याचं ‘काढा’ बटण चालत नाही. क्रोमच्या पॉलिसी पानावर जबरदस्तीने बसवलेल्या एक्स्टेन्शनची यादी मिळते. रजिस्ट्रीत सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम या वाटेने जाऊन ती नोंद काढावी लागते. शाळेचा संगणक असेल तर धोरण खरोखरच जिल्ह्याच्या किंवा संस्थेच्या माणसाने लावलेलं असू शकतं, तेव्हा आधी विचारा.

शॉर्टकट विसरू नका. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, टार्गेट. क्रोमच्या फाइलीच्या नावानंतर एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तो पुसा. टास्कबारवरचा शॉर्टकट वेगळा असतो, तोही बघा.

शेवटी सिंक, म्हणजे एकाच खात्याच्या ब्राउझरांची आपोआप होणारी जुळवाजुळव. केंद्रातल्या चार संगणकांवर एकच गूगल खातं असेल, तर एकावरून काढलेलं एक्स्टेन्शन दुसऱ्यावरून परत उतरतं. आधी चारही ठिकाणी सिंक बंद करा, चारही साफ करा, मग चालू करा.

विंडोजची प्रॉक्सी सेटिंग आणि होस्ट्स फाइल (साइटचं नाव दुसऱ्याच पत्त्याकडे वळवू शकणारी यादी) पाहिल्यावर आता स्कॅन. रीस्टार्ट. पुन्हा स्कॅन. दुसऱ्या स्कॅनमध्ये तेच नाव आलं तर टास्क शेड्युलरमध्ये काहीतरी राहिलंय.

आणि जुना सल्ला अजून फिरतोय म्हणून : क्रोममधलं स्वतःचं क्लीन-अप साधन मार्च २०२३ मध्ये काढून टाकलं गेलं. ते शोधत बसू नका.

दीपस्तंभ

खाडीकाठ यांच्या यादीत एक घालतो : रूट सर्टिफिकेट, म्हणजे कुठली साइट खरी मानायची हे संगणक ज्याच्या भरवशावर ठरवतो ते प्रमाणपत्र. लेनोवोच्या काही लॅपटॉपवर सुपरफिश नावाचा जाहिरात-प्रोग्रॅम कारखान्यातूनच येत होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते उघड झालं. एचटीटीपीएस पानांतही जाहिरात घालता यावी म्हणून त्याने स्वतःचं रूट सर्टिफिकेट बसवलं होतं, आणि त्याची खाजगी किल्ली सगळ्या लॅपटॉपवर एकच होती. ती फोडली गेली. म्हणजे तो लॅपटॉप घेऊन सार्वजनिक वायफायवर बसलेल्या माणसापुढे हल्लेखोराला बँकेचं खोटं पान खरं म्हणून ठेवता आलं असतं. मुद्दा असा, की प्रोग्रॅम अनइन्स्टॉल केल्यावरही सर्टिफिकेट मागे राहत होतं. ‘नकोसा’ आणि ‘घातक’ यांच्यातली भिंत किती पातळ असते ते इथे दिसतं. सर्टिफिकेट मॅनेजरमध्ये विश्वासू रूटच्या यादीत जाहिरात कंपनीचं किंवा अनोळखी प्रोग्रॅमचं नाव दिसलं तर ते काढा. मात्र अँटिव्हायरस स्वतःही वेब-तपासणीसाठी तिथे सर्टिफिकेट ठेवतो, आणि डिजिटल स्वाक्षरीच्या कामासाठीही काही बसवलेली असतात. ती पुसली तर उद्या सही होणार नाही.

सुरक्षा-प्रोग्रॅमने साफ करायचं म्हणजे इथपर्यंत करायला हवं. फाइल उचलली पण धोरण, टास्क, प्रॉक्सी आणि सर्टिफिकेट जागेवर ठेवलं, आणि पडद्यावर हिरवी खूण दाखवली, तर ती खूण खोटी आहे.

माडबन

आता उलटी बाजू, कामाचा प्रोग्रॅम पकडला जातो ती. तीन प्रकार नेहमी येतात.

मराठी टायपिंगची छोटी साधनं, कृतिदेवसारख्या जुन्या फाँटची अक्षरं कळफलकावर उमटवणारी. ही साधनं प्रत्येक कळ आधी स्वतः पकडतात आणि मग अक्षर बदलून पुढे देतात. कळा चोरणारा प्रोग्रॅमही नेमकं हेच करतो. त्यात साधनावर डिजिटल सही नसली आणि वापरणारे थोडे असले की अँटिव्हायरस कंपनीच्या सर्व्हरवरची (क्लाउडमधली) प्रतिष्ठा-तपासणी त्याला संशयित ठरवते. दुसरा प्रकार दूरवरून संगणक चालवण्याचा, एनीडेस्कसारखा. साधन वैध आहे, पण फसवणूक करणारेही तेच वापरतात, म्हणून काही उत्पादनं त्याला जोखमीचं म्हणतात. केंद्राला दुरुस्तीसाठी ते लागत असेल तर ठेवा, पण दर वेळी समोरच्याने मान्य केल्यावरच जोडलं जाईल असं लावा. तिसरा प्रकार केएमएस. विंडोज फुकट चालू करणारं साधन डिफेंडर ‘हॅकटूल’ नावाने पकडतो. ती चूक नाही. त्याला सूट देऊ नका, कारण त्याच नावाने फिरणाऱ्या फाइलींत बाकी काय भरलंय हे कुणी सांगू शकत नाही.

सूट देताना हात आखडता ठेवा. डिफेंडरमध्ये ‘अलाउ’ दाबलं की त्या एका फाइलीला नव्हे, तर त्या सापडलेल्या नावाला परवानगी मिळते. उद्या त्याच नावाखाली येणारी दुसरी फाइलही सुटेल. एक्सक्लूजनमध्ये पूर्ण डाउनलोड्स फोल्डर घालणं ही सगळ्यात वाईट पद्धत. प्रोसेसची सूट दिली तर त्या प्रोसेसने उघडलेल्या फाइली तपासल्या जात नाहीत, प्रोसेसची स्वतःची फाइल मात्र तपासली जाते. त्यामुळे ‘सूट दिली तरी पकडतोय’ अशी तक्रार येते. एकच फाइल, पूर्ण पत्त्यासह, एवढीच सूट द्या आणि ती फाइल कंपनीकडे तपासायला पाठवा.

गलबत

निकषांबद्दल एक राहिलंय. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१८ पासून घाबरवून पैसे मागणारे ‘क्लीनर’ नकोसे धरले. योग्य केलं. पण मग तोच नियम सुरक्षा-कंपन्यांनी स्वतःला लावायला हवा. मोफत अँटिव्हायरससोबत आधीच खूण केलेला ब्राउझर येतो, शोधयंत्र बदलतं, नूतनीकरणासाठी लाल रंगात ‘तुम्ही धोक्यात आहात’ असं येतं. दुसऱ्याने केलं तर पीयूपी आणि स्वतः केलं तर ऑफर, हे चालणार नाही. नाव, सापडलेलं नेमकं वर्तन, निकषाचा क्रमांक आणि आक्षेप कुठे नोंदवायचा, एवढं प्रत्येक पकडीसोबत दाखवावं. मग मी घरच्या संगणकावरही आपणहून अडवायला हरकत घेणार नाही.

झावळी

आणि हे सगळं मराठीत हवं. ‘संभाव्य अवांछित अनुप्रयोग’ असं भाषांतर वाचून कुणाला काय कळणार? माझा प्रस्ताव : ‘हा व्हायरस नाही. तुम्ही घेतलेल्या पीडीएफ कन्व्हर्टरसोबत हा न विचारता आला. तो ब्राउझरचं शोध-पान बदलतो. आम्ही त्याला अडवून बाजूला ठेवलं आहे.’ खाली दोन बटणं : ‘ठेवा’ आणि ‘परत आणा’.

खाडीकाठ

मजकूर उत्तम. बटण बदला. ‘ठेवा’ म्हणजे बाजूलाच ठेवा की संगणकावर ठेवा? घाईत माणूस दुसरा अर्थ घेईल. ‘काढून टाका’ आणि ‘वापरू द्या’ असं करा, दोन्ही बटणं सारख्या आकाराची आणि सारख्या रंगाची. ‘वापरू द्या’ला अ‍ॅडमिन पासवर्ड लागावा.

झावळी

बरोबर, बदलते. आणि ब्राउझरच्या सूचना? उजव्या कोपऱ्यात ‘व्हायरस सापडला’ असं येत राहतं आणि स्कॅनमध्ये काहीच मिळत नाही.

खाडीकाठ

कारण तिथे प्रोग्रॅमच नाही. कुठल्या तरी साइटला ‘अलाउ’ दिलं गेलंय, तेवढंच. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडा, परवानगी मिळालेल्या साइटची यादी काढा, अनोळखी सगळ्या हटवा आणि वर ‘साइटना सूचना पाठवू देऊ नका’ लावा. काउंटरच्या संगणकाला एकाही साइटच्या सूचनेची गरज नसते. फोनवरही रस्ता हाच.

वाळूतीर

ऑपरेटरना साधं, म्हणजे अ‍ॅडमिन नसलेलं खातं दिलं तर निम्मं काम होईल ना?

दीपस्तंभ

बरंचसं होईल, पूर्ण नाही. अनेक नकोसे प्रोग्रॅम, विशेषतः क्रोमसारखे दिसणारे ब्राउझर, वापरणाऱ्याच्या ‘अ‍ॅपडेटा’ फोल्डरमध्ये बसतात. तिथे अ‍ॅडमिनची परवानगी लागतच नाही. साध्या खात्याचा फायदा असा, की नुकसान त्या एका खात्यापुरतं राहतं : सेवा, तसंच सगळ्या संगणकाला लागू होणारी धोरणं आणि सगळ्या संगणकाची रूट सर्टिफिकेटं यांना हात लावता येत नाही. मग ते खातं पुसून नवं केलं तरी काम भागतं, फक्त स्कॅन केलेले कागद आधी दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा.

आणि मुळातली गरज भागवा. फोटो आणि पीडीएफ लहान करणारं एक खात्रीचं साधन त्याच्या मूळ साइटवरून आणून प्रत्येक संगणकावर आधीच बसवून ठेवा, डेस्कटॉपवर मराठीत नाव देऊन. ऑपरेटरला शोधायची वेळच आली नाही तर ती जाहिरात उघडली जाणार नाही. जूनच्या आधी, मे महिन्यातच करा.